निळ्या शाईखालच्या दोन ओळी

गल्लीतली पोरं तिला हनुवटीबाई म्हणायची, आणि यात पोरांचा काही दोष नव्हता. माणसाने चाळीस वर्षं दिवसातून तीस-तीस वेळा "हनुवटी जरा वर... थोडी खाली... आता हलू नका" एवढंच म्हटलं, तर लोक दुसरं काय म्हणणार? पासपोर्टचे फोटो, शाळेच्या ओळखपत्राचे फोटो, नोकरीच्या अर्जावर चिकटवायचे फोटो. अख्ख्या वस्तीचे चेहरे बाईंच्या हाताखालून गेले होते. रस्त्यात कुणी भेटलं की नाव आठवायचं नाही, पण याचा डावा खांदा उजव्यापेक्षा वर असतो, हे पक्कं आठवायचं.

स्टुडिओ वडिलांचा. पुढे काउंटर, मागे फोटो काढायची खोली, त्यामागे एकेकाळची अंधारखोली. तिथे आता प्रिंटर बसला होता आणि तिथला दिवा चोवीस तास चालू असायचा. वरच्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर. बाई एकट्याच राहायच्या. लग्न जमलं नाही. खरं सांगायचं तर त्यांनी ते जमू दिलं नाही. बासष्ट वर्षांच्या झाल्या तरी जिना दोन दोन पायऱ्यांनी चढायच्या आणि वर पोचल्यावर, कुणी बघत नाही ना हे पाहून, भिंतीला टेकून दम खायच्या.

काउंटरमागच्या भिंतीवर, स्विचच्या शेजारी, पेन्सिलीने एक फोन नंबर लिहिलेला होता. नाव नाही, नुसता नंबर. तीन वर्षांपूर्वी एका माणसाचा फोन आला होता. "मावशी का?" म्हणाला. बाईंना आधी वाटलं, कुणी तरी फोटोची चौकशी करतंय आणि उगाच नातं लावतंय. पण तो खरंच त्यांच्या ताईचा मुलगा होता. दुकानाचा नंबर त्याला इंटरनेटवर सापडला होता. "आई कधी बोलत नाही तुमच्याबद्दल," तो म्हणाला, "पण विषय निघाला की उठून आत जाते. तिचा नंबर देऊन ठेवतो. तुम्हाला वाटलं तर करा." बाईंनी नंबर लिहून घेतला. त्या दिवसापासून रोज सकाळी दिवा लावताना तो नंबर त्यांच्या डोळ्यांसमोर यायचा आणि रोज संध्याकाळी दिवा मालवतानाही यायचा. तीन वर्षांत तो पाठ झाला होता, पण एकदाही फिरवला नव्हता.

आता हे कसलं वेड, असं कुणालाही वाटेल. सख्खी बहीण, एकुलती एक, अडतीस वर्षांत आवाज ऐकलेला नाही, हाताशी नंबर आहे, आणि बाई काय करतात, तर रोज तो वाचतात! पण बाईंना फोनची भीती नव्हती. त्यांना भीती होती एका पत्रातल्या दोन ओळींची.

ताई त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठी. वडिलांच्या स्टुडिओत रिटचिंगचं काम तिच्याकडे असायचं. म्हणजे फोटोची निगेटिव्ह एका तिरप्या टेबलावर लावायची, खालच्या आरशातून उजेड घ्यायचा आणि सुईसारखं टोक काढलेल्या पेन्सिलीने चेहऱ्यावरचे डाग, सुरकुत्या, देवीचे व्रण एकेक करून बुजवायचे. ताईच्या पेन्सिलीखालून गेलेला माणूस दहा वर्षांनी लहान होऊन बाहेर पडायचा. लोक स्वतःचाच फोटो बघून लाजायचे. वडिलांचा दंडक असा, की निगेटिव्हच्या आसपास शाई फिरकता कामा नये; एक थेंब पडला तर एखाद्याचं अख्खं लग्न वाया जायचं. त्यामुळे दोघी बहिणी सगळं काही पेन्सिलीनेच लिहायच्या. शाईचं पेन होतं फक्त वडिलांकडे, आणि तेही बाहेरच्या काउंटरवर.

मग दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या स्टुडिओने ताईला बोलावलं. वडील म्हणाले, "जायचं तर जा, पण मग परत यायचं नाही." ताई वडिलांचीच मुलगी. ती गेली. आणि ती निघाली तेव्हा धाकटी, म्हणजे आपल्या बाई, काउंटरवर मान खाली घालून फोटो कापत बसल्या होत्या. ताई दारात थांबली होती. थोडी जास्तच थांबली होती. पण बाईंनी मान वर केली नाही. तू तर सुटलीस, मला मात्र या माणसापाशी एकटीला टाकून चाललीस, असा राग होता. चोवीस वर्षांच्या मुलीला असा राग येतो. पण तिला हे माहीत नसतं, की कापायचे फोटो नंतरही कापता आले असते.

पाच महिन्यांनी एक पत्र आलं. स्टुडिओच्या पत्त्यावर येणारं प्रत्येक पाकीट वडीलच उघडायचे. तसंच हेही उघडून त्यांनी काही न बोलता तिच्यापुढे ठेवलं. पेन्सिलीतलं, ताईच्या बारीक अक्षरातलं. 'मी सुखरूप आहे. काम चांगलं आहे, माणसंही बरी आहेत. खोलीला खिडकी आहे.' त्याखालच्या दोन ओळी निळ्या शाईने अशा काही गिरगटून खोडल्या होत्या, की कागदाचा लगदा व्हायचा बाकी होता. आणि मग, 'बाबांची औषधं वेळेवर देत जा. तुझी ताई.'

बाईंनी तो कागद उन्हात धरून पाहिला, उलटा करून पाहिला, भिंगाखाली पाहिला. एक अक्षर लागेना. शेवटी त्यांनी मनाशी अर्थ लावला: ताईने मनातलं काही तरी लिहिलं आणि मग विचार बदलून मागे घेतलं. एवढं रगडून मागे घ्यावं असं काय असेल? 'तू मला निरोप द्यायलाही उठली नाहीस'? 'पुन्हा मला लिहू नकोस'? बाई उत्तर लिहायला बसायच्या आणि त्यांची पेन्सिल त्या दोन ओळींपाशी येऊन अडायची. उत्तर राहून गेलं. महिने गेले, वर्षं गेली. वडील वारले तेव्हा त्यांनी जुन्या पत्त्यावर कळवलं, तर पत्र तसंच परत आलं. आणि आता भिंतीवर नंबर होता, पण त्याच्या आणि त्यांच्या मध्ये त्या दोन ओळी होत्या. ताईने काय लिहून खोडलं, हे कळल्याशिवाय कुठल्या तोंडाने फोन करायचा? आणि तिला नकोच असेल तर?

या सगळ्यात डॉक्टर आले. हे डॉक्टर माणसांचे नव्हेत, कॅमेऱ्यांचे. दोन गल्ल्या सोडून त्यांचं दुरुस्तीचं दुकान होतं, आणि हल्ली कॅमेरे कमी व वेळ जास्त झाल्यामुळे त्यांना नाही नाही ते उद्योग सुचायचे. एका दुपारी ते काळा गॉगल लावून आले आणि त्यांनी बाईंचाच जुना, बंद पडलेला डिजिटल कॅमेरा काउंटरवर ठेवला.

"दुरुस्त झाला?"

"दुरुस्त नाही, बिघडवलाय. मुद्दाम." डॉक्टर खुशीत होते. "आतली एक काच काढून टाकली आणि दुसरी बसवली. आता याला तुमच्या-माझ्या डोळ्यांना दिसतं ते दिसत नाही. जे दिसत नाही तेवढंच दिसतं. इन्फ्रारेड!"

"मग माझ्या काय कामाचा? पासपोर्टवाल्यांना मी काय दाखवू, आतडी?"

"अहो, बाहेर चला. झाडं बघा."

बाईंनी चाळीस वर्षांत दुकान सोडून झाडाचा फोटो काढला नव्हता. झाडाला पासपोर्ट लागत नाही. तरी त्या गेल्या. मागच्या रस्त्याला दुतर्फा मोठी झाडं होती, ऊन लख्ख होतं. वडिलांची जुनी हाताने फिरवायची लेन्स त्यांनी कॅमेऱ्यावर चढवली, डोळा लावला, नेहमीसारखं नीट जुळवून घेतलं आणि बटण दाबलं. मागच्या पडद्यावर जे उमटलं ते बघून त्यांचा चेहरा पडला. सगळं धूसर, वाफ धरलेल्या आरशात बघावं तसं. पुन्हा काढला, तेच. तिसऱ्यांदा तेच. चाळीस वर्षांच्या अनुभवाची अशी भर रस्त्यात शोभा झाल्यावर बाई डॉक्टरांवरच घसरल्या.

"काय बसवलंत हो आत? खिडकीची काच?"

डॉक्टरांनी लेन्स हातात घेतली आणि कडेची बारीक लाल रेघ दाखवली. "ही कशासाठी असते?"

ती रेघ बाईंना चांगली ठाऊक होती. लहानपणी त्यांनी ती नखाने खरवडायचा प्रयत्न केला होता, रंगाचा डाग समजून. वडिलांना विचारलं तर ते म्हणाले होते, "ते आपल्या कामाचं नाही." आणि बाईंनी तोच जबाब पुढे चाळीस वर्षं सगळ्यांना ऐकवला होता.

"हा उजेड लेन्समधून वेगळ्या जागी पडतो," डॉक्टर म्हणाले. "डोळ्याने जुळवा, लेन्सवरचा अंतराचा आकडा बघा आणि मग तो आकडा या लाल रेघेवर आणा. डोळ्याला चुकीचं दिसेल. दिसू दे."

डोळ्याला चुकीचं दिसू द्यायचं, हे बाईंच्या अंगावरच आलं. जन्मभर त्यांनी उलटं केलं होतं. पण त्यांनी मनाचा हिय्या केला, लेन्स थोडी फिरवली, समोर सगळं विस्कटलं, आणि त्यांनी बटण दाबलं.

पडद्यावर झाडं पांढरी होती. पान न् पान पांढरं, धारदार, आणि वरचं आभाळ जवळजवळ काळं. रस्ता तोच, कोपऱ्यावरचा वाकडा खांब तोच, चांभाराची टपरी तीच. सगळं ओळखीचं आणि तरी आपण कधीच न गेलेल्या गावातलं. बाई कितीतरी वेळ नुसत्या बघत राहिल्या. हे रोज इथेच होतं, आपल्या डोळ्यांसमोर, आणि आपल्याला दिसलं नाही, या विचाराने त्यांना एकदम रडू आलं. झाडं बघून काय रडायचं, म्हणून त्यांनी नाक शिंकरल्यासारखं केलं.

"आता माझा काढा," डॉक्टर टपरीला टेकून म्हणाले.

बाईंनी काढला आणि त्या हसायला लागल्या. काळा शर्ट मळक्या पांढऱ्या रंगाचा झाला होता, आणि काळ्या गॉगलमधून डॉक्टरांचे डोळे आरपार दिसत होते. त्यातला एक फोटोला घाबरून मिटलेला होता. डॉक्टर ओशाळले. मग बाईंचं हसू थांबलं. डॉक्टरांच्या खिशातून दुरुस्तीची चिठ्ठी डोकावत होती. डॉक्टरांनी तिच्यावर बॉलपेनने कॅमेऱ्याचं सगळं दुखणं लिहिलं होतं, आणि त्याखाली बाईंनी स्वतः, महिन्यापूर्वी, पेन्सिलीने 'घाई नाही' असं. फोटोत डॉक्टरांचं लिखाण साफ गायब होतं. नुसतं 'घाई नाही' तेवढं काळंभोर उरलं होतं.

"शाई कुठे गेली?" बाईंनी विचारलं.

"ही असली शाई याला दिसतच नाही. पेन्सिल दिसते. का हो?"

"काही नाही," बाई म्हणाल्या. त्या घरी कशा आल्या ते त्यांना नंतर आठवेना.

पुढचे दोन दिवस कॅमेरा काउंटरवर पडून होता आणि बाई त्याच्याकडे पाठ करून बसत होत्या. गिऱ्हाइकांच्या हनुवट्या त्या दोन दिवसांत वाट्टेल तिथे गेल्या. अडतीस वर्षं जे वाचता यावं म्हणून जीव तुटत होता, ते आता वाचता येणार म्हटल्यावर नको नकोसं वाटत होतं. न वाचलेल्या ओळीत निदान काहीही असू शकतं. 'पुन्हा लिहू नकोस' असं एकदा वाचलं, की मग तेच राहणार, मरेपर्यंत.

तिसऱ्या दिवशी, भर दुपारी, बाईंनी दुकानाला आतून कडी घातली. पत्र कपाटातून काढून मागच्या खोलीतल्या भिंतीवर चार टाचण्यांनी लावलं. तिपाईवर कॅमेरा. पहिला फोटो निव्वळ काळा आला. नव्या दिव्यांत हा उजेड नसतोच, हे त्यांना जरा उशिरा उमगलं. मग स्टुलावर चढून त्यांनी माळ्यावरचे वडिलांच्या काळचे दोन मोठे दिवे खाली काढले, ज्यांच्यापुढे बसलेले नवरा-नवरी घामाने निथळायचे. दिवे लावले. खोलीत जळक्या धुळीचा वास सुटला. बाईंनी डोळ्याने अक्षरं जुळवली, आकडा पाहिला, तो लाल रेघेवर आणला. अक्षरं डोळ्यांपुढे विरघळली. त्यांनी श्वास रोखला आणि बटण दाबलं.

निळी शाई नव्हतीच. जणू कुणी कधी खोडलंच नव्हतं. कोऱ्या कागदावर ताईचं बारीक, टोकदार, काळं अक्षर होतं.

'माझं टेबल पाठवशील का? बाबांना सांगू नकोस. खणात तुझ्या हातच्या दोन ओळी टाक, म्हणजे तू रागावली नाहीस हे मला कळेल.'

बाईंनी ते चार वेळा वाचलं. पहिल्यांदा फक्त एवढंच कळलं, की ताईने आपल्याला तोडलं नव्हतं. जीव भांड्यात पडला, आणि त्या दिव्यांच्या उकाड्यात स्टुलावर बसून त्या लहान मुलीसारख्या रडल्या. मग रडता रडता थांबल्या. टेबल.

टेबल त्याच वर्षी, हे पत्र हातात पडायच्या आठवडाभर आधी, दुकानातून नाहीसं झालं होतं. एक दिवस त्या बाहेरून आल्या तर कोपरा मोकळा. "अडगळ होती, भंगारात दिली," वडील म्हणाले होते. त्यावरून बाई त्यांच्याशी दोन महिने बोलल्या नव्हत्या. ताईची शेवटची वस्तूही या माणसाने टिकू दिली नाही, हा सल त्यांनी वडिलांच्या अखेरच्या आजारपणातही मनातून काढला नव्हता.

आता मात्र त्यांच्या डोळ्यांपुढे काउंटरवरचा खिळा आला. गिऱ्हाइकांच्या कामाच्या चिठ्ठ्या वडील त्या खिळ्याला टोचून ठेवायचे, आणि काम पुरं झालं की शाईच्या पेनाने ती ओळ गिरगटून गिरगटून अशी खोडायचे, की एक अक्षर दिसू नये. "झालेलं काम पुन्हा डोळ्यांना दिसता कामा नये, नाहीतर माणूस दोनदा करून बसतो." त्या दुकानात खोडण्याचा अर्थ एकच होता: झालं, पोचवलं. जन्म त्या दुकानात गेला, आणि घरच्या कागदावर बाईंना तेवढाच अर्थ सुचला नाही.

म्हणजे वडिलांनी पाकीट उघडलं, 'बाबांना सांगू नकोस' हे स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं, टेबल गुपचूप पाठवून दिलं आणि काम झालं म्हणून ओळी खोडल्या. परत यायचं नाही असं म्हणून बसलेला माणूस! बाईंना त्यांचा इतका राग आला, आणि त्याच वेळी त्यांची इतकी कीव आली, की यातलं आधी काय करावं ते कळेना. कारण दुसरी, खणातल्या चिठ्ठीची ओळही त्यांनी खोडली होती. आणि ते काम त्यांच्या हातचं नव्हतं.

दिवे तसेच जळत ठेवून बाई उठल्या, काउंटरपाशी आल्या आणि त्यांनी नंबर फिरवला. भिंतीकडे बघावं लागलं नाही.

"हॅलो?" आवाज म्हातारा झाला होता, पण शब्दाचा शेवट तसाच वर उचललेला.

"ताई, मी बोलतेय."

पलीकडून मग खुर्ची सरकल्याचा आवाज. "बोल," ताई म्हणाली.

तब्येत कशी आहे, मुलगा काय करतो, अशी सुरुवात बाईंनी तीन वर्षं घोकून ठेवली होती. ती गेली कुठल्या कुठे. "ताई, टेबल मी पाठवलं नव्हतं गं. बाबांनी पाठवलं. तू काय लिहिलंयस ते मला दिसलंच नाही. त्यांनी खोडून मग पत्र दिलं. मला वाटलं, तूच खोडलंस. मी आज वाचलं."

"आज?"

"आत्ता. अर्धा तास झाला असेल."

"बाबांनी," ताई म्हणाली. "तरीच. चारही कोपऱ्यांना फडकी बांधलेली होती. काचेवर घोंगडी. आरशाला एक चरा पडला नव्हता. मला वाटलं, एवढं जिवापाड बांधलंय म्हणजे खणात नक्की चिठ्ठी असणार."

"चिठ्ठी नव्हती," बाई म्हणाल्या.

"तीनदा उघडला मी तो खण," ताई म्हणाली. "शेवटी बाहेर काढून पालथा घालून झटकला. मग म्हटलं, चुकलंच आपलं. हिला माझं सामानसुद्धा घरात नको झालंय."

"नाही गं ताई. नाही."

"हो, आता कळलं ना. रडू नकोस." पण तिचाही आवाज धड नव्हता.

"टेबल आहे अजून?" बाईंनी विचारलं.

"आहे की. डोळे गेले, काम सुटून पंधरा वर्षं झाली. मुलगा म्हणतो, टाकून दे, जागा अडते. वर माझी औषधं असतात, चष्मे असतात, विजेची बिलं असतात."

"आणि खणात?"

"खणात काही नाही," ताई म्हणाली. "तो मी रिकामाच ठेवलाय."